ओल्या अझोल्याचे कोरडे गणित

गेल्या महिन्यात सीमाभागातल्या एका खेड्यातील एक तरुण शेतकरी हातात रंगीत पत्रक घेऊन आमच्या कचेरीत आला. पत्रकावर हिरव्यागार हौदाचे चित्र होते. हौदाशेजारी पांढऱ्या, धष्टपुष्ट कोंबड्या होत्या. आणि वर ठळक अक्षरांत आश्वासन होते, की पाण्यावर वाढणारी अझोला ही वनस्पती कोंबड्यांस खाऊ घाला आणि खाद्याचा खर्च निम्म्यावर आणा. त्या तरुणाची एक हजार पक्ष्यांची शेड आहे. शेडसाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. आता अझोल्याची तळी खोदण्यासाठी आणखी कर्ज काढावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. "साहेब, हे तुमच्या पत्रात छापा, चार शेतकऱ्यांचे भले होईल," असे तो मोठ्या निष्ठेने म्हणाला. आम्ही त्यास सांगितले, "छापू; पण आधी हिशेब करू आणि मग छापू." आजचा हा लेख म्हणजे तो हिशेब होय.

गरिबाच्या आशेशी दोन प्रकारांनी खेळता येते. एक, तिची थट्टा करून. दुसरा, तिला खोटे खतपाणी घालून. पहिल्या प्रकारात माणूस खचतो, दुसऱ्यात तो बुडतो. अझोल्याच्या बाबतीत आपल्याकडे हे दोन्ही प्रकार चालू आहेत. काही शहाणे "पाण्यावरचे शेवाळ खाऊन कोठे कोंबडी वाढते काय?" म्हणून नाक मुरडतात, तर काही उत्साही मंडळी त्याला "हिरवे सोने" म्हणून डोक्यावर घेतात. आमच्या मते दोन्ही पक्ष चूक आहेत. आणि दोघांची चूक एकाच ठिकाणी आहे. दोघांनीही त्या वनस्पतीचे कोरडे वजन केलेले नाही.

खाद्याचे ओझे

मुळात शेतकरी पाण्यातील वनस्पतींकडे का वळला, हे समजून घेतल्यावाचून त्यास उपदेश करणे व्यर्थ आहे. ब्रॉयलर कोंबडी वाढविण्याच्या एकूण खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. त्या खाद्याचे दोन खांब आहेत. मका ऊर्जा देतो आणि सोयाबीनची पेंड प्रथिने देते. हे दोन्ही खांब गेल्या काही वर्षांत वारंवार हादरले आहेत. २०१८ साली कर्नाटकात लष्करी अळीच्या एका परदेशी जातीने मक्यावर प्रथम हल्ला केला आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले. पेंडीच्या दराने कोंबडीवाल्यांचे कंबरडे मोडले. आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड परदेशातून आणण्यास मुभा दिली. पुढे नवे पीक बाजारात आले तेव्हा सोयाबीनचा भाव कोसळला आणि रडण्याची पाळी कोंबडीवाल्याकडून सोयाबीनवाल्याकडे गेली. २०२४ मध्ये मक्यापासून इथेनॉल काढण्यास सरकारने लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर देऊ केला. मका कोंबडीच्या तोंडातून मोटारीच्या टाकीकडे वळला, आणि एके काळी मका निर्यात करणाऱ्या या देशाने त्या वर्षी तो आयात केला.

या उलथापालथीत लहान कोंबडीवाल्याच्या हाती काही नसते. मक्याचा दर तो ठरवीत नाही, पेंडीचा तो ठरवीत नाही, आणि गोव्याच्या किंवा कोल्हापूरच्या बाजारात जिवंत कोंबडी काय दराने जाईल, हेही त्यास आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसते. अशा माणसास कोणी म्हणाले, की तुझ्या परसातच, तुझ्याच पाण्यावर, फुकटात प्रथिने उगवतील, तर त्याने कान टवकारले यात नवल ते काय? दोष त्याच्या आशेचा नाही. ज्यांनी आशेबरोबर तराजू दिला नाही, त्यांचा तो दोष आहे.

वनस्पती गुणी आहे

अझोल्याची बाजू प्रथम पुरी मांडली पाहिजे; कारण ही वनस्पती खरोखरच गुणी आहे. अझोला म्हणजे शेवाळ नव्हे आणि जलपर्णीही नव्हे. ते पाण्यावर तरंगणारे एक चिमुकले नेचे आहे. त्याच्या पानांतील पोकळीत एक सूक्ष्म निळे-हिरवे जीवाणू वस्तीस असतात. ते हवेतला नत्र पकडून वनस्पतीस पुरवितात आणि मोबदल्यात वनस्पती त्यांस घर देते. या भागीदारीमुळेच अझोल्यास युरियाची भीक मागावी लागत नाही. चीन आणि व्हिएतनाममधील भातउत्पादक शतकानुशतके खाचरांत अझोला सोडून जमिनीचा कस राखीत आले. आपल्या देशात कटकच्या भात संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात भातासाठी त्याचा अभ्यास केला. गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या खुराकात ते आणण्यासाठी घरगुती पद्धत बसविण्याचे मोठे श्रेय कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या नैसर्गिक संसाधन विकास प्रकल्पाकडे जाते.

वाळविलेल्या अझोल्यात साधारणतः वीस ते पंचवीस टक्के प्रथिने असतात. कॅल्शियम, लोह यांसारखी खनिजे असतात. ज्या रंगद्रव्यांमुळे अंड्याचा बलक केशरी होतो आणि शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, तीही त्यात भरपूर असतात. एवढ्या गुणांची वनस्पती चार हात लांब-रुंद खड्ड्यात, शेणाच्या आणि मूठभर सुपर फॉस्फेटच्या बळावर रोज काढता येते, ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा अझोल्याची थट्टा करणाऱ्यांनी आपली थट्टा आवरावी, हे उत्तम.

पाण्याचे वजन

परंतु पत्रकात जे "पंचवीस टक्के प्रथिने" म्हणून छापलेले असते, ते वाळविलेल्या अझोल्याचे असते, आणि शेतकरी हौदातून पाटी भरून काढतो तो ओला अझोला असतो. या दोहोंमधले अंतर पत्रके सांगत नाहीत. आणि सारा घोटाळा त्या न सांगितलेल्या अंतरात आहे.

ताज्या अझोल्यात शंभरातील सुमारे चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. एक किलो ताजा अझोला पूर्ण वाळविला, तर हाती साठ ग्रॅमच्या आसपास चुरा लागतो. त्यात प्रथिने चौदा-पंधरा ग्रॅम. उलट एक किलो सोयापेंडीत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे एक किलो पेंडीतील प्रथिनांची भरपाई करावयाची, तर तीस किलोंहून अधिक ताजा अझोला लागेल. सोयाबीनच्या एका पोत्याची जागा घेण्यासाठी अझोल्याची बैलगाडी आणावी लागेल, आणि गाडीतला बहुतेक माल पाणी असेल!

आता कोंबडीच्या बाजूने विचार करा. ब्रॉयलर ही काही परसात दिवसभर उकिरडा उकरीत हिंडणारी गावरान कोंबडी नव्हे. अवघ्या सहा आठवड्यांत दोन किलोंहून अधिक वजन करण्यासाठी तिची पैदास झालेली आहे. तिला प्रत्येक घासात भरीव ऊर्जा लागते. भारतीय मानकांप्रमाणे ब्रॉयलरच्या खाद्यात किलोमागे ३००० ते ३२०० किलोकॅलरी ऊर्जा आणि वयानुसार तेवीस ते वीस टक्के प्रथिने असावीत, आणि तंतू पाच टक्क्यांच्या वर नसावेत. मका किलोमागे ३३०० च्या आसपास किलोकॅलरी देतो. वाळविलेला अझोला २००० च्याही आत राहतो. वर त्यात तंतू बारा ते पंधरा टक्के आणि राखेचे प्रमाणही मोठे. शिवाय ब्रॉयलरच्या वाढीस अत्यावश्यक असलेले मेथिओनीन हे अमिनो आम्ल त्यात कमी पडते. गाय चार कप्प्यांच्या पोटात तंतू कुजवून त्यांतून सत्त्व काढते. कोंबडीस ती सोय निसर्गाने दिलेली नाही. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या गळ्याची पिशवी ओल्या पाल्याने भरली, तर पोट भरल्याचे समाधान त्यास मिळेल, पण वजन मिळणार नाही. पन्नास ग्रॅम ओला अझोला खाऊन त्याच्या पोटात जाते ते तीन ग्रॅम अन्न!

देशोदेशींच्या चाचण्यांचा एकंदर कलही हेच सांगतो. वाळवून, दळून, बाकीचा खुराक नीट जुळवून घेतल्यास खाद्यात पाच टक्क्यांपर्यंत अझोला ब्रॉयलरला सहसा मानवतो. काही चाचण्यांत थोडा लाभही दिसला. प्रमाण त्याहून बरेच चढविले, की वाढ मंदावू लागते आणि किलोभर मांसामागे लागणारे खाद्य वाढते. निम्मा खर्च वाचविण्याची गोष्ट बाजूलाच राहिली. विसावा हिस्सा, एवढीच सुरक्षित मर्यादा आहे.

पाच गुंठ्यांचे तळे

तो विसावा हिस्सा तरी परवडतो काय? आमच्याकडे आलेल्या तरुणासमोर आम्ही कागद ठेवला आणि दोघांनी मिळून आकडेमोड केली. ती येथे जशीच्या तशी देतो. कोणासही पडताळून पाहता येईल.

एक पक्षी विक्रीस येईपर्यंत सुमारे साडेतीन किलोंहून थोडे अधिक खाद्य खातो. हजार पक्ष्यांचे मिळून ३६०० किलो धरू. त्याचे पाच टक्के म्हणजे १८० किलो वाळविलेला अझोला. तेवढा वाळवून मिळण्यासाठी ३००० किलो ताजा अझोला काढावा लागेल. चाळीस दिवसांच्या लॉटमध्ये हे काम वाटले, तर रोज ७५ किलो. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद वाफ्यातून चांगली निगा राखल्यास दररोज ५०० ते ६०० ग्रॅम निघतो, म्हणजे चौरस मीटरमागे फार तर दीडशे ग्रॅम. या हिशेबाने रोजच्या ७५ किलोंसाठी ५०० चौरस मीटर पाणी लागेल. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. हजार पक्ष्यांची शेड हजार चौरस फुटांची. आणि तिच्या खाद्याचा केवळ विसावा हिस्सा पिकविण्यासाठी तळे मात्र तिच्या पाचपट!

बरे, पैशांचे काय? समजा, तयार खाद्य किलोला चाळीस रुपयांस पडते. एका लॉटच्या खाद्याचा खर्च १ लाख ४४ हजार रुपये झाला. त्याचे पाच टक्के ७२०० रुपये. चाळीस दिवसांनी भागा. रोजचे १८० रुपये. या १८० रुपयांत रोज ७५ किलो अझोला काढावयाचा, शेणाचा वास जाईपर्यंत धुवावयाचा, वाळवावयाचा, दळावयाचा. शिवाय शेण, फॉस्फेट, प्लॅस्टिकचा कागद आणि पाणी यांचा खर्च वेगळा. आज १८० रुपयांत शेतावर एक मजूर तरी येतो काय? आणि अझोल्यामुळे खुराकातील ऊर्जा घटली, ती तेल घालून भरून काढावयाची, तर शिल्लक राहिलेले चार पैसेही त्यातच जातील.

शिवाय आपले हवामान आहे. वाळवणाचे काम पावसाळ्यात कसे करणार? खानापूरकडच्या झडीत चार दिवस ऊन दिसत नाही; अर्धवट वाळलेल्या पाल्यास बुरशी धरली, तर तिच्या विषाने यकृत बिघडून लॉटची मरतूक वाढते. उन्हाळ्यात उलटा त्रास. पारा पस्तीस अंशांच्या वर गेला, की अझोला लालसर पडून रोडावतो. त्यास सावलीचे जाळे लागते आणि ज्या महिन्यांत विहिरीने तळ गाठलेला असतो, त्याच महिन्यांत त्यास रोज पाणी लागते.

हा हिशेब पुरा झाल्यावर तो तरुण बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे पत्रकात का लिहीत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

कंपनीची पिल्ले, कंपनीचे खाद्य

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिच्याविषयी बोलावयास कोणी तयार नसते. आज आपल्याकडील बहुसंख्य ब्रॉयलर शेडमध्ये शेतकरी स्वतःच्या कोंबड्या वाढवीतच नाही. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि घाम तेवढा शेतकऱ्याचा. लॉट गेला, की किलोमागे ठरलेला वाढणावळीचा दर त्याच्या पदरात पडतो. आणि किती खाद्यात किती वजन आले, यावर तो दर वर-खाली होतो. अशा करारात बाहेरचे खाद्य घालण्यास सामान्यतः मनाईच असते. मग अझोला घालून वाचणारा पैसा कोणाचा? खाद्याचे बिल ज्याचे, त्याचा. आणि अझोल्यामुळे वजन शंभर ग्रॅम कमी भरले, तर तोटा कोणाचा? वाढणावळ ज्याची कापली जाईल, त्याचा.

म्हणजे ज्या माणसापुढे "खाद्याचा खर्च निम्म्यावर आणा" म्हणून पत्रक नाचविले जाते, त्याच्या हाती खाद्याचा निर्णयच नाही. कराराखाली असलेल्या शेतकऱ्यास अझोल्याचा सल्ला देणे म्हणजे कुळास वाड्याचा रंग बदलण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. त्याचा खरा प्रश्न वाढणावळीच्या दराचा आहे, पिल्लांच्या प्रतीचा आहे, वजनकाट्याच्या सचोटीचा आहे. त्या प्रश्नांवरून त्याचे लक्ष हिरव्या हौदाकडे वळविणे, जाणूनबुजून असो वा अजाणता, त्याच्या हिताचे नाही.

नदीतली हिरवळ

आणखी एका मोहाविरुद्ध वेळीच इशारा दिला पाहिजे. अझोल्यासाठी तळे खोदावे लागते. जलपर्णी मात्र आयती मिळते. पंचगंगेच्या पात्रात ती कशी गालिच्यासारखी पसरते, हे कोल्हापूर-इचलकरंजी-शिरोळकडील वाचकांस सांगावयास नको. तीच काढून, वाळवून, दळून कोंबड्यांस घातली तर? नदीही स्वच्छ होईल आणि खाद्यही फुकट! कल्पना ऐकावयास गोड आहे. परंतु ती धोक्याची आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती फुलांच्या शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि तिने जलमार्ग असे गिळले, की १९३६ साली बंगालला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिच्या अंगी मोठा गुण आहे. ती घाण पाण्यातून शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. म्हणूनच सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग होतो. परंतु जे पाण्यातून गेले, ते तिच्या अंगात राहिले, हे विसरून कसे चालेल? गटाराचे आणि कारखान्यांचे पाणी पिऊन वाढलेली जलपर्णी कोंबडीच्या पोटात घालणे म्हणजे नदीचे विष फिरून आपल्या पानात वाढून घेणे होय. अझोला आणि डकवीड यांच्याही अंगी हा शोषणाचा गुण आहे. म्हणून खाद्यासाठी त्यांस नेहमी स्वच्छ पाणीच हवे. नदीतल्या जलपर्णीने खताचा खड्डा भरावा, फार तर गॅसचे संयंत्र चालवावे. पण कोंबडीच्या भांड्यापर्यंत तिला येऊ देऊ नये.

डकवीडचे नाव आले म्हणून त्याविषयी दोन शब्द. टिकलीएवढ्या पानांची ही वनस्पती साचलेल्या पाण्यावर तरंगताना आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पाण्यात नत्र भरपूर असेल, तर तिच्या कोरड्या भागात प्रथिने चाळीस टक्क्यांच्या घरात जातात. ती अझोल्याहूनही सरस ठरते. बांगलादेशात मिर्झापूर येथे तिच्यावर मासे पोसण्याचा प्रयोग बराच काळ यशस्वीपणे चालला. पेरूमध्ये १९९० च्या दशकात कोंबड्यांवर चाचण्या झाल्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी तिचे बरेच प्रमाण पचविले. ब्रॉयलर पिल्लांची वाढ मात्र प्रमाण वाढत गेले तसतशी खुंटत गेली. जी गोष्ट अझोल्याची, तीच डकवीडची. ज्या पक्ष्यास घाई नाही, त्यास ती चालते. ज्यास सहा आठवड्यांत बाजार गाठावयाचा आहे, त्यास ती पुरत नाही.

अझोल्याची खरी जागा

मग अझोला टाकून द्यावा काय? मुळीच नाही. कोशिंबिरीने जेवणास रुची येते, अंगास जीवनसत्त्वे मिळतात. पण कोशिंबिरीवर पंगत उठत नाही. अझोला ही कोंबडीची कोशिंबीर आहे. तिला भात-भाकरीच्या जागी मांडणाऱ्यांनी तिचीच अप्रतिष्ठा केली आहे. आज निम्म्या खर्चाच्या आशेने तळी खोदणारा उद्या तोटा खाऊन अझोल्यास शिव्या देईल, आणि ज्या घरी त्याचा खरा उपयोग होता, तेथूनही ते हद्दपार होईल.

त्याची खरी जागा परसातल्या कोंबड्यांजवळ आहे. आपल्या गावांत आणि गावासारख्याच असलेल्या पेठांत आजही घरोघरी दहा-बारा कोंबड्या असतात. कोणाच्या गावरान, कोणाच्या बेंगळुरूच्या गिरिराज जातीच्या, कोणाच्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराज जातीच्या. या कोंबड्या कीडमुंगी, सांडलेले धान्य, उष्टेखरकटे वेचून जगतात. त्यांना सहा आठवड्यांची घाई नाही. त्यांच्या खुराकात हिरवा पाला आणि खनिजे यांचीच वाण असते. आणि तीच अझोला पुरवितो. ताजाच घालावयाचा असल्यामुळे वाळवण-दळणाचा खटाटोप नाही. कोंबडीमागे पन्नास ग्रॅम धरला, तर दोन मीटर चौरस एकच वाफा दहा-बारा कोंबड्यांस पुरतो. बलक केशरी होतो आणि गावरान अंड्याचे गिऱ्हाईक त्या रंगावर भुलते, हा अनुभव घरातील आयाबहिणींस आहे.

पद्धतही सोपी आहे. घराच्या पडसावलीत विटा मांडून प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्यावर चाळलेली माती दहा-पंधरा किलो पसरावी. दोन किलो शेण आणि तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून ओतावे. पाण्याची उंची वीतभराहून कमी ठेवावी आणि त्यावर अर्धा ते एक किलो विरजणाचा अझोला सोडावा. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो. मग रोज अर्धा किलो काढावा, दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि चिमूटभर फॉस्फेट द्यावे, आणि अधूनमधून माती-पाणी बदलावे. काढलेला पाला चाळणीत घेऊन स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावा. कोंबड्या प्रथम तोंड फिरवितात. तेव्हा काही दिवस भरड्यात कालवून द्यावा. पुढे त्या आपण होऊन धावत येतात.

ज्यांच्या ब्रॉयलर कोंबड्या कराराखाली नाहीत आणि जे खाद्य स्वतः जुळवितात, त्यांनीही प्रयोग अवश्य करावा. पण प्रयोगासारखा करावा. एकाच दिवसाची शंभर पिल्ले घ्यावी. पन्नास एका बाजूस, पन्नास दुसऱ्या बाजूस ठेवावी. एकीकडे नेहमीचे खाद्य, दुसरीकडे त्यात पाच टक्के वाळविलेला अझोला. आठवड्यास वजन करावे, खाद्याचे माप वहीत टिपावे, मजुरीही मांडावी. लॉट संपल्यावर जी बाजू नफ्यात असेल, ती खरी. पत्रकावर विश्वास ठेवू नका, आमच्या लेखावरही ठेवू नका. आपल्या वहीवर ठेवा.

मागणी कोणाकडे?

कोणी म्हणेल, की शेतकऱ्याच्या नव्या धडपडीचे पाय ओढण्यापलीकडे तुम्ही काय केलेत? हा आरोप आम्हांस मान्य नाही. धडपडणाऱ्याच्या पायांखालची जमीन तपासून देणे म्हणजे पाय ओढणे नव्हे. आमचे आक्षेप शेतकऱ्याच्या प्रयोगबुद्धीवर नाहीत. ते अर्धवट माहिती छापणाऱ्यांवर आहेत.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, कोणत्याही हिरव्या खाद्याचे पत्रक काढणाऱ्याने, मग तो सरकारी असो वा खाजगी, त्यातील प्रथिने ओल्या वजनावर किती आणि कोरड्या वजनावर किती, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. दुसरी, कृषी विज्ञान केंद्रांनी आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या भागातील हवेत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या चाचण्या घेऊन, मजुरीसकट हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत त्याच्या हाती द्यावा. कन्याकुमारीच्या हवेतला आकडा चिकोडीच्या उन्हाळ्यात खरा ठरेलच, असे नाही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: कोंबडीवाल्याचे दुःख खाद्याच्या दरात आहे, तर उपायही तेथेच शोधला पाहिजे. बेळगाव जिल्ह्यात सोयाबीनही पिकते आणि मकाही पिकतो. तो पिकविणारा शेतकरी २०२४ च्या हंगामात ४८९२ रुपयांच्या हमीभावाखाली सोयाबीन विकत होता, आणि त्याच्याच गावचा कोंबडीवाला बाहेरून आलेले तयार खाद्य विकत घेत होता. या दोघांची गाठ सहकारी भरडा-गिरणीत घालून देणे, हे अझोल्याच्या शंभर तळ्यांहून मोठे काम आहे.

तो तरुण निघताना पत्रक टेबलावरच विसरून गेला. की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. तळ्यांसाठी कर्ज काढण्याचा बेत त्याने रहित केला आहे. आईच्या पंधरा गावरान कोंबड्यांसाठी मात्र त्याने घरामागे एक वाफा घातला आहे, असा निरोप परवा त्याने धाडला. ज्या वनस्पतीवर तो शेतावर बोजा चढविणार होता, ती आता त्याच्या परसात बिनव्याजी वाढत आहे. अझोला तोच आहे. बदलली आहे ती त्याची जागा. सीमाभागातील आमच्या शेतकरी बांधवांनी आणि परसात कोंबड्या पाळणाऱ्या आयाबहिणींनी ही जागा नीट ओळखावी, आणि हिरव्या रंगास भुलण्यापूर्वी तराजू हातात घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.